सोडा भाजा, मग प्रेट्झेल करा

मऊ प्रेट्झेलची घरगुती कृती आता मराठीतही सहज सापडते. यूट्यूबवर आहे, पुरवण्यांत आहे, बेकिंगच्या वर्गांतही शिकवली जाते. या कृतींचा सगळा भर मात्र गाठीवर असतो. पीठ किती घट्ट मळायचं, त्याची दोरी किती लांब वळायची, टोकं एकमेकांवरून कशी न्यायची, हे सगळं चित्रांसकट दाखवलेलं असतं. मग घाईघाईत एक ओळ येते: उकळत्या पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घाला आणि प्रेट्झेल अर्धा मिनिट बुडवून काढा. का बुडवायचे, हे सांगितलेलं नसतं. कारणच माहीत नसलं की घाईच्या दिवशी पहिली गळते ती हीच पायरी. कुणी सोडा चिमूटभरच घालतं, कुणी प्रेट्झेलवर नुसता ब्रश फिरवतं, कुणी त्याऐवजी दूध लावतं. ओव्हनमधून मग निघतो तो गाठ मारलेला पाव. चवीला तो वाईट नसतो, पण ज्याच्यासाठी दोन-तीन तास खटपट केली तो पदार्थ हातात आलेला नसतो. म्हणून माझं म्हणणं असं की घरी प्रेट्झेल करणाऱ्याने गाठीची काळजी शेवटी करावी आणि क्षाराची सगळ्यात आधी. तो क्षार मिळवायचा सुरक्षित आणि स्वस्त मार्ग आपल्या डब्यातच आहे: खाण्याचा सोडा तासभर भाजून घ्यायचा.

गाठ दुय्यम का, हे समजायला प्रेट्झेलच्या माहेरी जायला हवं. दक्षिण जर्मनीतल्या, म्हणजे बव्हेरिया आणि श्वाबेन या भागांतल्या बेकऱ्यांत गाठीच्या प्रेट्झेलशेजारीच त्याच पिठाच्या सरळ कांड्या आणि गोल पाव मांडलेले असतात. तिन्हींचा रंग तोच गडद तांबूस, वर तेच जाड मीठ, वासही तोच. तिथल्या गिऱ्हाइकाच्या लेखी ही तिन्ही एकाच कुळातली, क्षाराच्या पाण्यातून काढलेली भावंडं. याच्या उलट, नव्या वर्षाच्या सुरुवातीला जर्मनीच्या काही भागांत याच गाठीचा मोठा गोड प्रेट्झेल करतात. त्याचं पीठ दुधा-लोण्यातलं, आणि त्याला क्षाराचं पाणी लागत नाही. आकार हुबेहूब तोच असूनही त्याची चव गोड पावाच्या पंगतीतली. खुद्द गाठीबद्दल तर दोन शेजारी मुलखांचंही एकमत नाही. श्वाबेनमध्ये प्रेट्झेलचं पोट जाड आणि हात बारीक, कुरकुरीत. पोटावर सुरीने चीर देतात. बव्हेरियात हात त्या मानाने जाड आणि साल भाजताना आपोआप फुटू देतात. बव्हेरियातल्या प्रेट्झेलच्या नावाला युरोपीय संघाने २०१४ मध्ये भौगोलिक संरक्षण दिलं. चीर द्यायची की नाही यावर हे दोघे वाद घालतील. क्षाराच्या पाण्यावर त्यांचा वाद नाही.

गाठीचा इतिहास मोठा आहे, हे मान्यच. हेराड या मठप्रमुख स्त्रीच्या देखरेखीखाली बाराव्या शतकात आल्सास भागात तयार झालेल्या ‘हॉर्टस डेलिसियारम’ या हस्तलिखितात मेजवानीच्या मेजावर प्रेट्झेल रंगवलेला होता. मूळ हस्तलिखित १८७० मध्ये स्ट्रासबुर्गच्या आगीत गेलं, पण चित्रांच्या नकला उरल्या. बेकरांच्या संघांनी ही गाठ आपली खूण म्हणून मिरवली आणि जर्मन गावांतल्या बेकऱ्यांच्या पाट्यांवर ती आजही लटकते. प्रार्थनेला हात छातीशी घेतलेल्या मुलांवरून एका साधूने हा आकार काढला, किंवा म्युनिकच्या एका बेकराने १८३९ मध्ये चुकून भांडी धुण्याच्या क्षारात प्रेट्झेल बुडवले, या गोष्टी सांगायला छान आहेत. त्यांना दंतकथेपलीकडे आधार नाही. अमेरिकेत हा पदार्थ जर्मन बोलणाऱ्या स्थलांतरितांबरोबर पेन्सिल्व्हेनियात पोहोचला. तिथल्या लिटिट्झ गावी ज्युलियस स्टर्जिस यांनी १८६१ मध्ये प्रेट्झेलची बेकरी काढली. पुढे १९८८ मध्ये त्याच राज्यात अ‍ॅन बायलर यांनी ‘आंटी अ‍ॅन्स’ सुरू केलं आणि मॉलमधला मऊ, गोडसर, लोण्याने माखलेला प्रेट्झेल जगभर गेला. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती कृती या दुसऱ्या वळणाच्या आहेत. त्यांत सोड्याचं पाणी सौम्य असतं आणि सालीत जे कमी पडलं ते लोणी, साखर आणि दालचिनी भरून काढतात. त्या चवीची आवड असायला काहीच हरकत नाही. पण मूळ प्रेट्झेलला वरून काही माखावं लागत नाही, कारण त्याची साल स्वतःच बोलते.

सालीला ही चव येते कशी? पाव भाजताना तांबूस होतो तो पिठातली प्रथिनं आणि साखर यांच्या उष्णतेतल्या संयोगामुळे. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या अभिक्रियेचं वर्णन केलं आणि आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. यीस्टने फुगलेलं पीठ किंचित आम्लधर्मी असतं. अशा पिठात प्रथिनांमधला जो अमिनो गट साखरेशी जुळायला हवा त्याला एक जास्तीचा हायड्रोजन चिकटलेला असतो, म्हणून तो साखरेकडे सहज वळत नाही. पृष्ठभागावर क्षार आला की तो हायड्रोजन निघून जातो, अमिनो गट मोकळा होतो आणि अभिक्रिया वेग घेते. त्याच ओव्हनमध्ये, तितक्याच मिनिटांत साध्या पावाला फिकट सोनेरी रंग येतो तर क्षारातून निघालेल्या पिठाला गडद तपकिरी, आणि रंगाबरोबर तो खास खरपूस, किंचित कडवट वास. याखेरीज क्षारामुळे पृष्ठभागावरचं पिष्ट ओव्हनमध्ये जाण्याआधीच फुगून त्याचा पातळ थर बनतो. भाजल्यावर तोच थर चकाकतो. अंड्याचा हात न लावताही प्रेट्झेल पॉलिश केल्यासारखा दिसतो तो यामुळे. बुडवून काढलेल्या कच्च्या प्रेट्झेलकडे नीट पाहिलं तर पांढरं पीठ पिवळसर झालेलं दिसतं. मैद्यातली काही रंगद्रव्यं क्षारात पिवळी पडतात. जपानी रामेनच्या शेवया अंडं न घालताही पिवळ्या असतात, त्यामागे हेच कारण. हा पिवळेपणा आला नाही तर क्षार कमी पडला असं खुशाल समजावं.

आता प्रश्न प्रमाणाचा, आणि इथेच नेहमीच्या कृती कमी पडतात. क्षार किती तीव्र आहे हे सामूवरून, म्हणजे पीएचवरून कळतं. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सामू साधारण ८.३ असतो. जर्मन बेकर वापरतात ते सोडियम हायड्रॉक्साइडचं, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं तीन ते चार टक्क्यांचं पाणी. त्याचा सामू १४ च्या जवळ जातो. या दोन्हींच्या मधे सोडियम कार्बोनेट आहे, सुमारे ११.६. सामूत एक अंक वर गेला की क्षारता दहापट होते, हे लक्षात घेतलं तर ८.३ आणि ११.६ मधलं अंतर सुमारे दोन हजारपट भरतं. अमिनो गटातला तो जास्तीचा हायड्रोजन साधारण ९ ते १० सामूच्या आसपास सुटू लागतो. म्हणजे नुसत्या खाण्याच्या सोड्याचं पाणी उंबरठ्याच्या अलीकडेच थांबतं आणि कार्बोनेटचं पाणी तो ओलांडून आत जातं. हा फरक घरी डोळ्यांनी पाहता येतो. हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे प्रत्येक घराला ठाऊक आहे आणि हळदीला क्षार लावून कुंकू करण्याची रीत तर आपली जुनीच. दोन वाट्यांत पाणी घ्यावं, एकीत खाण्याचा सोडा आणि दुसरीत भाजलेला सोडा विरघळवावा, दोन्हींत चिमूट चिमूट हळद टाकावी. पहिल्या वाटीतला रंग मळकट नारिंगीकडे झुकतो, दुसरीतला गर्द लाल होतो. प्रयोगशाळेतल्या कागदाची गरज पडत नाही.

सोडा पाण्यात घालून उकळतोच की, मग भाजायचा कशाला, असं कुणी विचारेल. उकळताना थोडा सोडा बदलतो खरा. पाण्यात बुडबुडे येतात ते निघून जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचेही असतात. पण काही मिनिटांच्या उकळीत हा बदल अर्धामुर्धाच होतो. शिवाय उकळत्या पाण्यात पडलेल्या कच्च्या पिठाची साल तिथेच शिजते, सुरकुतते आणि भाजल्यावर चामट होते. भाजलेल्या सोड्याचं पाणी गार असतानाही काम करतं, म्हणून पीठ शिजत नाही आणि घडी मोडत नाही. सोडा भाजण्याची ही युक्ती मी शोधलेली नाही. अन्नाच्या विज्ञानावर लिहिणारे हॅरॉल्ड मॅगी यांनी २०१० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या लेखात ती मांडली, रामेनसाठी आणि प्रेट्झेलसाठीही. मागचं रसायन शाळेच्या पुस्तकातलं आहे: सोडियम बायकार्बोनेट तापलं की पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात आणि सोडियम कार्बोनेट उरतं. स्टीलच्या ताटलीत खाण्याचा सोडा पातळ पसरावा आणि ओटीजीत १२० ते १५० अंशांवर तासभर ठेवावा. वजनावरून काम झालं की नाही ते कळतं, कारण पूर्ण बदल झाला तर वजन सुमारे ३७ टक्क्यांनी उतरतं. १६० ग्रॅम सोडा टाकला तर उरायला हवा जेमतेम १०० ग्रॅम. एवढी भुकटी अर्धा लिटर गार पाण्यात विरघळवून त्यात प्रेट्झेल तीन-चार मिनिटं ठेवावे, मग साध्या पाण्याच्या भांड्यात एकदा बुचकळून काढावे. हे बुचकळणं टाळू नये, नाही तर सालीला साबणासारखी चव येते. बेकिंग पावडर मात्र इथे कामाची नाही. तिच्यात सोड्याबरोबर आम्लही असतं आणि ते दोघं एकमेकांना निकामी करतात.

यावर पहिला आक्षेप जाणकारांचा येतो: अस्सल प्रेट्झेल कॉस्टिक सोड्याशिवाय होत नाही. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. कॉस्टिकमधून निघालेली साल अधिक गडद, अधिक चकचकीत होते आणि तिच्या चवीला जी धार असते ती कार्बोनेटने पूर्ण येत नाही. पण अमिनो गट ११.६ सामूला बहुतांश मोकळे झालेले असतात, त्यामुळे पुढच्या अडीचशेपट तीव्रतेने मिळणारा फायदा पहिल्या टप्प्याइतका मोठा राहत नाही. त्या उरलेल्या फायद्यासाठी मोजावी लागणारी किंमत मात्र फार मोठी आहे. कॉस्टिक सोडा त्वचा जाळतो, डोळ्यात थेंब उडाला तर दृष्टी जाऊ शकते. जर्मन बेकर हातमोजे आणि चष्मा घालून तो हाताळतात, त्यांच्याकडे त्यासाठी वेगळी भांडी आणि जाळ्या असतात, आणि तो अन्नासाठीच्या शुद्धतेचा असतो. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो नाली मोकळी करायचा. त्यात काय काय मिसळलेलं आहे याची खात्री नसते. काही प्रकारांत तर मुद्दाम ॲल्युमिनियमचे कण घातलेले असतात. त्यात आपल्या स्वयंपाकघरांत हिंडालियमच्या कढया आणि ॲल्युमिनियमचे ट्रे सर्रास असतात. कॉस्टिकचं पाणी ॲल्युमिनियमला खातं, हायड्रोजन वायू सुटतो आणि विरघळलेला धातू पदार्थात उतरतो. खुद्द जर्मनीत क्षारात बुडवलेले पाव ॲल्युमिनियमच्या ट्रेवर भाजू नयेत म्हणून अन्नसुरक्षा यंत्रणेने बजावलेलं आहे. मुलं वावरतात, फोडणी उडते, एकाच ओट्यावर भाजी चिरली जाते अशा स्वयंपाकघरात हे रसायन आणण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही, आणि जे इंग्रजी कृती भाषांतरित करताना तो सहज देऊन जातात त्यांनी तो मागे घ्यावा असं मला कळकळीने वाटतं. कार्बोनेट त्या मानाने पुष्कळ सौम्य आहे. तरी तेही क्षारच. भुकटी नाकात जाऊ देऊ नये, पाण्यात हात घालताना मोजे घालावेत, आणि भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्यावं, कारण ॲल्युमिनियम त्यानेही काळं पडतं.

दुसरा आक्षेप बरोबर उलट्या दिशेने येतो, आणि तो अधिक मनापासूनचा असतो. सोडियम कार्बोनेट म्हणजे तर धुण्याचा सोडा. तो खायच्या वस्तूला लावायचा? ही शंका रास्त आहे आणि तिचं अर्धं उत्तर शुद्धतेत आहे. किराणा दुकानातल्या धुण्याच्या सोड्याचं पाकीट कपड्यांसाठी बनवलेलं असतं, ते वापरूच नये. खाण्याच्या सोड्यापासून घरी भाजून केलेला कार्बोनेट मात्र मूळ सोड्याइतकाच खाण्याजोगा असतो, कारण त्यातून फक्त वाफ आणि वायू बाहेर गेलेला असतो, आत काही आलेलं नसतं. अन्नपदार्थांच्या पाकिटांवर आयएनएस ५०० हा क्रमांक दिसतो तो सोडियमच्या याच कार्बोनेटांचा. उरलेलं अर्धं उत्तर आपल्या माळ्यावरच्या पापडाच्या डब्यात आहे. उडदाचे पापड पापडखाराशिवाय होत नाहीत. पीठ कुटताना तो घातला नाही तर पापड भाजल्यावर ना फुलतो, ना त्याला ती ओळखीची चव येते. हा पापडखार मुळात क्षारच. पूर्वी क्षारयुक्त झुडपांच्या राखेतून सज्जीखार काढत, त्यातही मुख्य घटक सोडियम कार्बोनेटच. आसाममध्ये केळीच्या राखेचं पाणी गाळून स्वयंपाकात घालतात. जर्मनीत नाताळच्या मसालेदार लेबकुखेनसाठी पोटॅशियम कार्बोनेट आजही पुड्यांतून मिळतं. पूर्वी तेही लाकडाच्या राखेतूनच यायचं. राखेचा क्षार अन्नात घालणं ही जगभरच्या चुलींवरची जुनी विद्या आहे. पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात पापड लाटणाऱ्या घरांनी प्रेट्झेलच्या क्षाराला परका समजण्याचं कारण नाही.

मग थेट पापडखारच का वापरू नये? मोह होतो, पण मी तसा सल्ला देत नाही. बाजारातल्या पापडखारांचा घटक एकसारखा नसतो. कुठे कार्बोनेट जास्त, कुठे बायकार्बोनेट, कुठे मीठही मिसळलेलं. पापडाच्या पिठात अंदाजाने घातलेला खार चालून जातो, कारण हाताला आणि जिभेला त्याची सवय झालेली असते. प्रेट्झेलच्या पाण्यात मात्र ताकद नेमकी हवी, नाही तर एकदा साल फिकी राहील आणि पुढच्या खेपेला कडू होईल. भाजलेल्या सोड्याचं प्रमाण वजनाने ठरवता येतं. आणि वजनाचा मुद्दा निघालाच आहे तर सांगतो: कपाच्या आणि चमच्याच्या मापांनी लिहिलेल्या बेकिंगच्या कृती छापणं आपण आता थांबवायला हवं. ओट्यावर ठेवायचा काटा आता घरोघरी परवडतो. एक चमचा सोडा म्हणजे कुणाचे चार ग्रॅम, कुणाचे सात.

तिसरा आक्षेप प्रकृतीचा. मैदा, मीठ, लोणी, वर सोडियमचंच पाणी. हे मुलांना कशाला खायला घालायचं? इथे लपवाछपवी करू नये. प्रेट्झेल हे पौष्टिक अन्न नाही, तो मधल्या वेळचा खाऊ आहे, आणि तेवढ्याच मानाने खावा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सुचवते. पाचशे ग्रॅम मैद्याला दहा ग्रॅम मीठ घातलं आणि त्याचे आठ-दहा प्रेट्झेल केले तर प्रत्येकात पिठातलंच ग्रॅमभर मीठ येतं, वरचं खडे मीठ वेगळं. ते वरचं मीठ झटकून टाकता येतं, त्याऐवजी तीळ किंवा भोपळ्याच्या बिया लावता येतात. जर्मन बेकऱ्यांतही तसे प्रेट्झेल असतात. आणि साल जर क्षाराने नीट झाली असेल तर चव मिठावर टेकत नाही. मॉलमधल्या प्रेट्झेलला वितळलेल्या लोण्यात न्हाऊ घालावं लागतं, इथे त्याची गरजच उरत नाही. कमी मीठ आणि कमी लोणी हवं असणाऱ्याने तर क्षाराची पायरी अधिकच मनापासून करावी.

मग विकत का नको, घरीच का? कारण हा पदार्थ टिकत नाही. ओव्हनमधून निघाल्यावर पहिले दोन-तीन तास त्याचे. त्यानंतर वरचं मीठ हवेतला ओलावा ओढतं, साल चामट होते आणि आतलं पीठ कोरडं पडतं. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या पावसाळ्यात तर तासाभरातच मीठ पाझरून सालीवर ओले डाग पडतात. जर्मनीत बेकरी कोपऱ्यावर असते, तिथे दिवसातून अनेकदा घाणा निघतो, आणि तरीही तिथल्या दुकानांत घरी भाजायचे गोठवलेले कच्चे प्रेट्झेल विकले जातात. आपल्याकडे अशी बेकरी हाताशी नसताना ताजा प्रेट्झेल खायचा सरळ मार्ग म्हणजे आपला ओव्हन. वळलेले कच्चे प्रेट्झेल गोठवून ठेवता येतात. हवे तेव्हा दोनच काढून, क्षारात बुडवून भाजता येतात. उद्योगधंद्याच्या निमित्ताने महाराष्ट्राचा दक्षिण जर्मनीशी संबंध जुना आहे. श्वाबेनची मोठी नगरी श्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासून भगिनीशहरं आहेत. श्टुटगार्ट परिसरातल्या वाहन-उद्योगातल्या कंपन्यांचे कारखाने चाकण आणि नाशिकला आहेत आणि तिथून इकडे, इकडून तिकडे माणसांची ये-जा चालू असते. श्टुटगार्टला दोन वर्षं काढून परतलेल्या माणसाच्या जिभेवर जो प्रेट्झेल बसलेला असतो तो लोण्यात भिजलेला नसतो. मधून चीर देऊन गार लोणी भरलेला, बाहेरून गडद आणि आतून पांढरा शुभ्र, असा तो असतो.

पिठाबद्दल फार बोलायची गरज नाही, कारण ते सोपं आहे. महागडा ब्रेडचा मैदा शोधत हिंडू नये, आपला साधा मैदा पुरतो. पाचशे ग्रॅम मैद्याला २७० ते २८० ग्रॅम पाणी, दहा ग्रॅम मीठ, पाच ग्रॅम कोरडं यीस्ट आणि तीसेक ग्रॅम लोणी. पोळीच्या कणकेहून घट्ट गोळा व्हायला हवा. सैल पीठ क्षारातून काढताना ताणलं जातं. आपल्या हवेत मात्र एका गोष्टीकडे लक्ष हवं, आणि तीही क्षाराशीच जोडलेली आहे. जर्मन बेकर वळलेले प्रेट्झेल बुडवण्याआधी थंड, वाऱ्याच्या जागी उघडे ठेवतात, म्हणजे वर कोरडी पातळ कातडी धरते, तुकडा उचलता येतो आणि क्षार सगळीकडे सारखा बसतो. मे महिन्यातल्या किंवा जुलैतल्या आपल्या घरात ही कातडी धरत नाही, पीठ नुसतं फुगत राहतं. तेव्हा ट्रे फ्रीजमध्ये पाऊण तास न झाकता ठेवावा. बोटाने स्पर्श केल्यावर पीठ चिकटलं नाही की बुडवायला घ्यावं. साधारण साठ सेंटिमीटरची दोरी, मधे जाड, टोकांना बारीक. टोकं उचलून एकदा पीळ द्यावा आणि पोटावर टेकवून दाबावीत. गाठ वाकडी झाली तर होऊ द्यावी. कांडी केली तरी चालेल. ओटीजी २३० अंशांवर नीट तापवून, ट्रेवर बटर पेपर अंथरून बारा ते पंधरा मिनिटं भाजावं. पाचव्या-सहाव्या मिनिटापासून रंग भराभर चढतो, म्हणून काचेसमोरून हलू नये. फिकट सोनेरी रंगावर बाहेर काढण्याची घाई पावासाठी ठीक, इथे पिकल्या चिंचेच्या टरफलासारखा तपकिरी रंग येईपर्यंत थांबावं.

ज्यांच्याकडे ओटीजी नाही त्यांनी कढईत मिठाचा थर देऊन नानकटाई भाजतात तशा पद्धतीने प्रयत्न करायला हरकत नाही. तिथे उष्णता कमी मिळते आणि साध्या पावाला रंग येत नाही, पण क्षारामुळे तुलनेने कमी उष्णतेतही रंग धरतो, त्यामुळे कांड्यांच्या आकारात बरं फळ मिळू शकतं. कढई ॲल्युमिनियमची असेल तर आत स्टीलची ताटली आणि तिच्यावर बटर पेपर असावाच. सोडा भाजायला मात्र गॅसवरची कढई घेऊ नये. ढवळताना बारीक भुकटी उडते आणि नाका-डोळ्यांना झोंबते. त्यासाठी एकदाच कुणाच्या तरी ओव्हनमध्ये अर्धा किलो सोडा भाजून घ्यावा. तीनशे ग्रॅमच्या वर कार्बोनेट मिळतं आणि तीन घाण्यांना पुरतं.

ही भुकटी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावी, कारण उघडी राहिली तर ती हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा सौम्य होत जाते. दिसायला ती खाण्याच्या सोड्यासारखीच असते, म्हणून बरणीवर ठळक अक्षरांत नाव लिहून ती ढोकळ्या-भज्यांच्या सोड्यापासून लांब, मुलांच्या हाताबाहेरच्या फळीवर असावी. बुडवून झाल्यावर उरलेलं पाणी फेकायची घाई नको: ओटीजीच्या जाळीवरचा आणि स्टीलच्या कढईच्या बुडाला धरलेला जुना तेलकट थर त्यात रात्रभर भिजवला की सकाळी थोड्याशा घासण्याने निघतो.